स्वस्त मोटारीचा हिशेब

खानदेशातून सुरतेस स्थायिक होणारे आपले तरुण डॉक्टर गावाकडची जुनी मोटार सोबत आणतात. स्वस्तात भागले, असे त्यांना वाटते. मला ते पटत नाही. गाडी येथे १२ महिन्यांहून अधिक राहिली की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ‘जीजे’ क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे ना-हरकत दाखला, येथील कर आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी खेटे! २०२१ साली आलेली ‘बीएच’ मालिका नोकरदारांसाठी. स्वतःचा दवाखाना थाटणाऱ्यास तिचा उपयोग नाही. त्यापेक्षा ‘जीजे-०५’ क्रमांकाची वापरलेली लहान गाडी येथेच घ्यावी. मात्र पायाखालची मॅट उचलून वास घ्यावा, आसनाखालचे बोल्ट गंजले आहेत का तेही पाहावे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीने आणि पुढे खाडीच्या पुरांनी येथील कित्येक गाड्या बुडविल्या आहेत.