माल उतरवणे म्हणजे खुलासा नव्हे



मॅगी नूडल्समध्ये जादा शिसे असल्याच्या प्रकरणात मोठ्या दुकानसाखळ्यांनी तत्परता दाखवली, सातारा-सांगलीचे किराणा दुकानदार मात्र मागे पडले, हे गेल्या अंकातील पत्राचे प्रतिपादन अर्धेच खरे आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा ५ जून २०१५ चा मॅगीवरील बंदीचा आदेश निघण्यापूर्वीच बिग बझारने हा माल फळीवरून उतरवला, हे निर्विवाद. परंतु ज्याने आदल्याच आठवड्यात पाकिटे घरी नेली, त्याला शिशाची अनुज्ञेय मर्यादा, म्हणजे दहा लाख भागांत अडीच भाग, ओलांडल्याच्या आरोपाचा अर्थ कोणी सांगायचा, हा प्रश्न रिकाम्या फळीने सुटत नाही. जनसंपर्क, अर्थात ग्राहकाचा विश्वास टिकवण्याचा व्यवहार, खरा कसाला लागतो तो तेथेच. सांगलीच्या गणपती पेठेतील दुकानदाराला निवेदन काढून मोकळे होता येत नाही. उधारीच्या वहीतले गिऱ्हाईक गल्ल्यापाशी येऊन जाब विचारते आणि वितरक माल उचलेपर्यंत खोकी त्याच्याच माळ्यावर पडून राहतात.

शिवाय पत्रलेखकाने (सोयीने म्हणा वा अनवधानाने) पुढचा भाग गाळला आहे. मॅगीच्या उत्पादक कंपनीला म्हणणे मांडण्याची संधी न देता व मान्यताप्राप्त नसलेल्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी घातल्याचा ठपका ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी ती रद्द केली आणि तीन प्रयोगशाळांत फेरतपासणीचा आदेश दिला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा विक्रीला आली.

— एक वाचक, सातारा