सर्वांत काय आवडलं?

परदेशाहून परतलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. खर्च किती आला, हा पहिला आणि सर्वांत काय आवडलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर द्यायचं की हसून टाळायचं, हे विचारणारा कोण आहे त्यावर ठरवता येतं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र लोकांना एका शब्दाचं उत्तर हवं असतं आणि तिथेच माझी पंचाईत होते.

थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाम असा सहा आठवड्यांचा प्रवास आम्ही दोघांनी केला. हातात तिकिटं दोनच, जाताना बँकॉकचं आणि येताना हनोईहून. मधलं सारं मोकळं. कुठे किती राहायचं ते तिथे गेल्यावर ठरवायचं. ह्यांना निवृत्तीपर्यंत घड्याळाच्या काट्यावर धावायची सवय, त्यामुळे हा बेत त्यांच्या पचनी पडायला वेळ लागला. ‘‘अगं, निदान रात्री पाठ कुठे टेकायची ते तरी ठरव,’’ असं ते आठवडाभर म्हणत होते. मोकळं म्हटलं तरी काही खुंट्या आधी ठोकाव्याच लागतात. व्हिएतनामचा ई-व्हिसा आधी काढावा लागतो आणि देशात कुठल्या नाक्यावरून शिरणार तेही त्यात लिहावं लागतं. ह्यांच्या औषधांची पुरवणी आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घेतली होती. बाकी सगळं रामभरोसे.

पहिली आठवण येते ती मेकाँग नदीतल्या होडीची. थायलंडच्या उत्तर टोकाला नदी ओलांडली की लाओसमधलं हुए साय लागतं. तिथून लाकडी लांबट होडी निघते आणि दोन दिवसांनी लुआंग प्रबांगला पोहोचते. मधली रात्र पाकबेंग नावाच्या चढावरच्या गावात. बसायला जुन्या मोटारींतून काढलेल्या खुर्च्या, शेजारी तांदळाची पोती, कोंबड्या, एखादी मोटारसायकल. वाटेत जिथे कुणी हात करील तिथे होडी वाळूला लागते, माणसं उतरतात, डोक्यावर बोजा घेऊन चढण चढतात आणि झाडीत दिसेनाशी होतात. थाई आणि लाओ भाषांत नदीला ‘मे नाम’ म्हणतात, म्हणजे पाण्याची आई. आपण गोदामाई म्हणतो, तसंच. डिसेंबर 2021 मध्ये लाओसमध्ये चीनपर्यंत जाणारी रेल्वे सुरू झाली, त्यामुळे आता राजधानी विआंतियानहून लुआंग प्रबांगला दोनेक तासांत पोहोचता येतं. परतीला आम्हीही तीच गाडी धरली आणि खिडकीतून पाहिले ते मुख्यतः बोगदे.

लुआंग प्रबांग ही लाओसची जुनी राजधानी. 1995 पासून युनेस्कोच्या वारसायादीत आहे. दोन नद्यांच्या संगमावरचं, देवळांनी भरलेलं टुमदार गाव. पहाटे भगव्या वस्त्रांतले भिक्षू अनवाणी रांगेने निघतात आणि गावातल्या बायका गुडघे टेकून त्यांच्या पात्रात चिकट भाताची मूठ मूठ घालतात. हे दृश्य पाहायला जग लोटतं आणि गोची तिथेच होते. मोठ्या रस्त्यावर पर्यटक भिक्षूंच्या अगदी तोंडासमोर कॅमेरे धरतात, दिवे चमकवतात. अंतर ठेवा, अशा पाट्या लावूनही कुणी ऐकत नाही. आपल्या देवघरात पूजा चालू असताना परक्याने येऊन असं केलं तर आपण काय म्हणू? आम्ही दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीत गेलो आणि समोरच्या पदपथावर भिंतीला टेकून उभे राहिलो. तिथे चार म्हाताऱ्या होत्या, भाताच्या बांबूच्या टोपल्या होत्या आणि कसलाही आवाज नव्हता. आमच्याकडे त्या पहाटेचा एकही फोटो नाही.

पण मला सर्वांत आवडलं ते चंपासाक. हे नाव घेतलं की समोरचा चेहरा कोरा होतो. दक्षिण लाओसमध्ये मेकाँगच्या पश्चिम काठावरचं हे लहानसं गाव. जवळच्या डोंगराच्या शिखरावर निसर्गानेच लिंगासारखा सुळका उभा केला आहे, म्हणून प्राचीन काळी त्या डोंगराला लिंगपर्वत म्हणत. त्याच्या पायथ्याशी वाट फू हे शिवमंदिर. आज दिसतात त्यातल्या बहुतेक वास्तू 11 ते 13व्या शतकांतल्या. खाली मोठा तलाव, मग सरळ लांब वाट आणि शेवटी उभ्या दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंनी चाफ्याची झाडं. आपलाच देवचाफा! लाओ भाषेत त्याला ‘डोक चंपा’ म्हणतात आणि तेच त्या देशाचं राष्ट्रीय फूल. (हे झाड मुळात अमेरिका खंडातलं, हे सांगितलं की आपल्याकडेही कुणाचा विश्वास बसत नाही.) वर गाभाऱ्यामागच्या कड्यातून झरा पाझरतो. पूर्वी त्याचं पाणी दगडी पन्हळीने थेट आत आणून लिंगावर अखंड अभिषेक होत असे. आज गाभाऱ्यात बुद्ध आहे, मागच्या खडकावर ब्रह्मा-विष्णू-महेश कोरलेले आहेत आणि माघी पौर्णिमेच्या सुमारास इथे मोठी जत्रा भरते. एक बाई त्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून डोळ्यांना लावत होती. तिला देव कुठला, हे विचारावंसं वाटलं नाही.

आम्ही तिथे एक रात्र राहणार होतो, चार रात्री राहिलो. हे गुडघ्यांमुळे पहिल्या दिवशी अर्ध्या पायऱ्यांवरून परतले. तिसऱ्या दिवशी काठी घेऊन, थांबत थांबत, वरपर्यंत गेले. ठरवलेल्या सहलीत त्यांना तो तिसरा दिवस मिळाला नसता. या जादा रात्रींची किंमत म्हणून व्हिएतनाममधला हालाँगचा उपसागर गाळावा लागला. त्याबद्दल नातेवाईक अजून बोल लावतात. लावू देत.

अंगकोर वाटबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. 12व्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने बांधलेलं ते विष्णुमंदिर पाहावंच. पूर्वेच्या ओवरीतलं समुद्रमंथन तर नक्की. देव आणि दैत्य वासुकी ओढताहेत, ती रांग संपता संपत नाही. मात्र सूर्योदयाच्या गर्दीत शिरण्याऐवजी तिथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या बांते स्रेईला सकाळ द्या. 967 सालचं हे गुलाबी वालुकाश्मातलं शिवमंदिर इतकं छोटं आणि कोरीव आहे की दगड नव्हे, चंदन वाटावं. कैलास हलवणारा रावण तिथे पाहिला आणि वेरूळची आठवण झाली.

व्हिएतनाममध्ये होई आनचं जुनं बंदर सुंदर, कंदिलांनी उजळलेलं आणि दुकानांनी गजबजलेलं. शाकाहाऱ्यांनी तिथे एक शब्द पाठ करावा, ‘चाय’. चहा नव्हे, शाकाहारी! अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथले अनेक बौद्ध मांसमासे वर्ज्य करतात, तेव्हा आमच्यासारख्यांची चंगळ होते. जवळच मी सोन इथे चंपा राजांची विटांची शिवमंदिरं आहेत. 1969 मध्ये अमेरिकी बाँबहल्ल्यात तिथलं सर्वांत मोठं शिखर कोसळलं. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे जीर्णोद्धाराचं काम करताना 2020 मध्ये अखंड दगडाचं शिवलिंग मातीतून वर आलं.

राहिलं एक ठिकाण. त्याला आवडतं कसं म्हणू? विआंतियानमध्ये कृत्रिम हातपाय बनवून देणाऱ्या ‘कोप’ या संस्थेचं छोटं प्रदर्शन आहे. 1964 ते 1973 या नऊ वर्षांत अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. त्यांतल्या झुंबडबाँबांच्या चेंडूएवढ्या गोळ्या लाखोंच्या संख्येने न फुटता शेतात पडून राहिल्या. नांगर लागला, चूल पेटवली, पोरांनी खेळणं समजून उचललं की अजूनही त्या फुटतात. प्रदर्शनात गावकऱ्यांनी स्वतःच बनवलेले जुने पाय टांगले आहेत, लाकडाचे, बांबूचे, पत्र्याचे. होडीतून झाडीत दिसेनाशी होणारी माणसं पाहून आम्ही नुकतेच आलो होतो. ह्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि बराच वेळ एकेक पाय निरखत उभे राहिले. आत जायला तिकीट नाही. देणगीची पेटी ठेवलेली आहे.