चिंचोक्यांचा पट

मार्गशीर्ष-पौषांत दिवस जसजसा आंखडतो तसतशी मुलांची संध्याकाळ लांबत जाते. आमच्या हिवरा आश्रमास सहाच्या सुमारास ऊन गेलें कीं शिवारावरून गार वारा सुटतो, आणि अंगणांतलीं मुलें घरांत घ्यावीं लागतात. हेच दिवस पाहुण्यांचे. शुकदास महाराजांनीं १९६५ सालीं येथें स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमाचा जयंती-उत्सव पौषांत भरतो, पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादास लाखों माणसें बसतात, व त्याच्या आगेंमागें घरोघर नातवंडें येऊन उतरतात. दिवसा तीं शेतांत हुंदडतात, हरभऱ्याचे घाटे खातात. त्यांची चिंता नाहीं. प्रश्न असतो तो दिवेलागणीपासून पानें वाढीपर्यंतच्या दोन तासांचा.

त्या दोन तासांसाठीं कांहींएक विकत आणूं नये, असें माझें मत आहे. याचें कारण काटकसर हें नव्हे. विकतचा खेळ मांडण्यास पांच मिनिटें लागतात आणि त्याचा कंटाळा येण्यास पंधरा. घरीं केलेल्या खेळाचा निम्मा वेळ तो करण्यांतच जातो, व स्वतः केलेली वस्तु मूल सहसा टाकून देत नाहीं.

उन्हाळ्यांत वर्षाची चिंच फोडतांना निघालेले चिंचोके पुष्कळ घरांतून एखाद्या डब्यांत पडलेले असतात. त्यांतले चार टपोरे निवडून प्रत्येकाची एकच बाजू खरबरीत दगडावर घांसावी. काळसर टरफल झिजून पांढरें पोट दिसूं लागलें म्हणजे फांसा तयार. घांसतांना चिंचोका तापतो, आणि तो शेजारच्याच्या दंडास लावून पाहण्याची बुद्धि प्रत्येक पिढींतल्या मुलांस न शिकवितां होते; एकदां रागें भरावें आणि सोडून द्यावें. मग फरशीवर खडूनें आडवीं पांच व उभीं पांच अशीं पंचवीस घरें आंखावीं. चारी बाजूंच्या मधल्या घरांत व अगदीं मध्यावरच्या घरांत फुली घालावी. हाच तो चल्लस-आठाचा पट. प्रत्येकानें आपल्या बाजूच्या फुलीवर चार सोंगट्या मांडून बसावें. सोंगट्यांस शेंगदाणे घेऊं नयेत, डाव संपण्यापूर्वीं सोंगट्या संपतात.

चार चिंचोके टाकून जितके पांढरे पडतील तितकीं घरें चालावें. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि या दोन्ही दानांस पुन्हां टाकावयास मिळतें. बाहेरच्या सोळा घरांचा फेरा पुरा करून आंतल्या आठ घरांत शिरावें, तेथें उलट दिशेनें फिरावें, आणि मधल्या घरांत सोंगटी पिकवावी. फुलीवरच्या सोंगटीस मरण नाहीं. इतरत्र मेलेलीनें मूळपदावर जावें. घरोघर नियम थोडे निराळे असतात. भांडण टाळण्यासाठीं ते आधींच ठरवून घ्यावे. आजोबांनीं मात्र मुद्दाम हरूं नये. या खेळांत दान दैवाचें असल्यामुळें पांच वर्षांचें मूल साठीच्या माणसास खरोखरच हरवूं शकतें, आणि खऱ्या विजयाची चव मुलांस बरोबर कळते.

चिंचोक्याचा फांसा पाहून कोणीं नाक मुरडण्याचें कारण नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्यानें ज्यांपायीं घरदार गमावलें ते फांसे बेहड्याच्या बियांचेच होते. याच बेहड्याची दुसरी कथा वनपर्वांत, नलोपाख्यानांत आहे. राजा ऋतुपर्णानें धांवत्या रथांतून बेहड्याच्या झाडाकडे नजर टाकून त्याचीं पानें व फळें किती तें सांगितलें. नलानें रथ थांबवून मोजून पाहिलीं, तों संख्या बरोबर! मुलांस ही गोष्ट सांगावी, आणि लगेच मूठभर चिंचोके पुढें ओतून विचारावें, ‘‘किती?’’ प्रत्येकानें अंदाज बोलावा, मग दहा-दहांच्या ओळी लावून मोजावे. ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा तो ऋतुपर्ण.

या दुसऱ्या खेळानें माझ्या घरचें एक दुखणें उघडें पाडलें. पुण्यास इंग्रजी शाळेंत शिकणारा माझा आठ वर्षांचा नातू मराठी चांगली बोलतो. त्याची आजी चिंचोके मोजून म्हणाली, ‘‘एकोणसाठ झाले रे,’’ तेव्हां तो माझ्या तोंडाकडे पाहूं लागला. मग ध्यानांत आलें कीं आजीच्या गोष्टींतलीं वयें, सालें, धान्याचे भाव हें सारें आजवर त्याच्या कानांवरून नुसतें वाहून जात होतें. आजी कितव्या वर्षीं या घरीं आली, किती रुपयांत तिनें महिना काढला, यांतलें कांहीं त्याच्यापर्यंत पोंचलेंच नव्हतें.

दोष पोराचा नाहीं. आपण लिहितों दशक आधीं आणि बोलतों एकक आधीं, हें अवघड आहेच. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत ‘वीस एक’ असें वाचन आलें तेव्हां मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचें सांगणें असें होतें कीं जोडाक्षरांचीं हीं संख्यानामें लहान मुलांस जड जातात. चाळीस वर्षें वर्गांत काढलेल्या मला तें खोटें म्हणवत नाहीं. पण घरांत आजीची भाषा बदलतां येत नाहीं, नातवाची वाढवितां येते.

मीं दहा-दहांच्या सहा ओळी मांडल्या. शेवटच्या ओळींत एक जागा रिकामी होती. ‘‘साठास एक ऊन, म्हणजे उणा,’’ एवढेंच बोललों. एकोणतीस, एकोणचाळीस त्यानें आपण होऊन लाविले. नव्व्याण्णवावर अडला. तेथें ‘एकोणशंभर’ कां नाहीं, हें त्याचें विचारणें रास्त होतें; संस्कृतांतल्या नवनवतीचा दाखला देऊन मीं वेळ मारून नेली.

रोज चिंचोके नकोसे झाले तर ज्वारीच्या ताटांची बैलगाडी करावी. वरची साल सोलून तिच्या काड्या कराव्या, आंतल्या मऊ गाभ्याचे तुकडे पाडावे, काड्या गाभ्यांत खोंचून चाकें व जूं जोडावें. गोंद लागत नाहीं. साल मात्र वडील माणसानेंच काढावी, ती पात्यासारखी बोट कापते. भिंतीवर हातांच्या सावल्यांचे ससे-हरणें तर सर्वांस ठाऊकच आहेत.

घरांत रांगतें मूल असेल तर चिंचोक्यांचा डबा उंच फळीवर ठेवावा. बी नाकांत, घशांत जाण्यास क्षण पुरतो. म्हणूनच डाव आटोपल्यावर चिंचोके मोजून भरण्याचें काम आम्ही मुलांकडे दिलें आहे, आणि मोजणी मोठ्यानें, आजीस ऐकूं जाईल अशी. शंभरांपैकीं काल रात्रीं सत्त्याण्णव भरले. दोन गादीखालीं सांपडले. नव्व्याण्णवावर पुन्हां अडून बसलेली मंडळी पान वाढलें तरी खाटेखालून बाहेर येईना.