दोष माशाचा की टाकीचा?

रंगीत माशांची काचेची टाकी ही आता केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली शोभा राहिलेली नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी, काहींच्या तर खोलीवरही ती असते. आणि जिथे टाकी तिथे एक तक्रार ठरलेलीच. "अमुक मासा भारी गुंड आहे हो, दुसऱ्यांना जगू देत नाही!" मग त्या गुंडाची रवानगी दुकानदाराकडे होते, नाहीतर बाटलीत. मला हा न्याय मान्य नाही. माझ्या मते आरोपी मासा नसून त्याला तिथे कोंडणारे आपण आहोत.

हे मी केवळ भूतदयेपोटी म्हणत नाही. निको टिनबर्गेन या शास्त्रज्ञाला १९७३ साली कोनराड लोरेन्झ व कार्ल फॉन फ्रिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने स्टिकलबॅक नावाच्या लहानशा माशांवर एक साधा पण मार्मिक प्रयोग केला. एका टाकीत दोन नरांनी आपापली हद्द आखलेली होती. त्या दोघांना त्याने दोन काचनळ्यांत घातले. नळ्या पहिल्याच्या हद्दीत नेल्या की पहिला काचेआडून दुसऱ्यावर तुटून पडू पाही आणि दुसरा पळवाट शोधी. त्याच नळ्या दुसऱ्याच्या हद्दीत नेल्या की पारडे फिरे. मासे तेच, बदलली ती फक्त जागा. मग यांतला गुंड कोणता आणि भित्रा कोणता?

ओढ्यातळ्यांत हद्दीचे भांडण बहुधा रक्तपातावाचून मिटते. पर फुलवणे, रंग गडद करणे, थोडा पाठलाग, की संपले. हरणारा दूर गेला की पाठलाग करणाऱ्याचा जोर ओसरतो, कारण तोही स्वतःच्या घरापासून लांब आलेला असतो. टाकीत मात्र हरणाऱ्याला जायला वाटच नाही. तो कोपऱ्यात अंग चोरून उभा राहतो, पण मालकाच्या दृष्टीने तो अजून हद्दीतच असतो. म्हणून मार थांबत नाही. मारणारा मासा असतो, पण वाट अडवलेली असते ती आपल्या काचेने.

"त्याला काढून टाका" हा उपाय मला पटत नाही तो यामुळेच. टाकी तशीच राहिली तर रिकामी गादी पुष्कळदा दुसऱ्या क्रमांकाचा मासा चालवतो. इलाज जागेवरच करायला हवा. दगड, फुटक्या कुंड्या, पाणवनस्पती अशा मांडाव्यात की एका टोकाहून दुसरे टोक दिसू नये. माशांपेक्षा दडायच्या जागा जास्त असाव्यात. नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदलावी व दिवा मालवावा. जुन्या खुणा पुसल्या की सारेच नवखे. टायगर बार्ब दोन-तीनच न ठेवता सहा-आठांचा थवा ठेवावा, म्हणजे ते आपसांतच गुंतून राहतात आणि इतरांचे पर वाचतात.

माझ्या घरच्या टाकीत कॉन्व्हिक्ट जातीच्या जोडीने अंडी घातली की अर्धी टाकी तिची होते. पण पिलांची राखण करणाऱ्या आईबापांना गुंड कसे म्हणावे? त्या दिवसांपुरती मी मध्ये काच उभी करतो. फायटरचे दोन नर तर एकत्र ठेवूच नयेत. पण म्हणून एकट्याला बाटलीत कोंडणेही योग्य नव्हे. पृष्ठभागावर येऊन तो हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून बाटलीत तग धरतो. तग धरणे म्हणजे जगणे नव्हे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कोणी करायचा? त्यावर माझे उत्तर सरळ आहे: ज्याला जमत नसेल त्याने टाकी ठेवू नये.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला 'हद्द' या शब्दातून माणसांसाठीही बोध काढण्याचा मोह होईल. मी तो आवरतो. माणसाला निदान बोलून मार्ग काढता येतो. माशाला तेही येत नाही आणि त्याच्या वतीने बोलणारेही फार थोडे. म्हणून हा लेखनप्रपंच. मित्रांनो, पुढच्या वेळी मासा निवडताना त्याचा रंग जरूर पाहा, पण पूर्ण वाढल्यावर त्याला किती जागा लागेल, हे आधी विचारा.