नात्यातल्या भाषेचा जाच

आज २१ फेब्रुवारी, मातृभाषा दिन. १९५२ साली याच तारखेला ढाक्यात बंगालीसाठी तरुणांनी गोळ्या झेलल्या. १९९९ मध्ये युनेस्कोने हा दिवस जाहीर केला. आता या दिवशी मुख्यतः तक्ते निघतात: कोणती भाषा किती कोटींची. त्यात जावानीज बरीच वर असते, उइघुर बरीच खाली. एकीचे भाषक सात-आठ कोटी, दुसरीचे कोटीच्या आसपास. तेव्हा जावानीज सुखरूप आणि उइघुर संकटात, असे कोणीही म्हणेल. उइघुरचे खरेच आहे. शिंजियांग विद्यापीठाने २००२ मध्ये उइघुर माध्यम गुंडाळले आणि शाळांमध्येही चिनीचा रेटा वाढत गेला. पण जावानीजवर कसलीही बंदी नसताना जावातल्या शहरी घरांत मुले इंडोनेशियन बोलू लागली आहेत. ही इंडोनेशियन मलयवर उभी, म्हणजे जावानीजच्याच कुळातली. शिवाय जावानीजमध्ये थोरामोठ्यांशी बोलायचे 'क्रामा' आणि बरोबरीच्यांशी बोलायचे 'न्गोको' असे शब्दांचेच वेगळे थर. सासऱ्यांसमोर भलता शब्द तोंडून जाण्यापेक्षा इंडोनेशियन बरी, हा हिशेब तरुणांनी केव्हाच केला.

चिनी उइघुरला परकी आहे, त्यामुळे तिथला रेटा निदान दिसतो तरी. नात्यातली भाषा घरात कधी शिरली ते कळतच नाही.

हे समजून घ्यायला आपण मस्कतकर मराठी माणसांनी जावाला जायची गरज नाही. ओमानची राजभाषा अरबी, पण या देशाच्या दोन टोकांना अरबी नसलेल्या भाषा नांदतात. उत्तरेला मुसंदममध्ये, होर्मुझच्या तोंडाशी कुमझार हे कोळ्यांचे गाव आहे. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, रस्ता नाही. खसब शहरातून होडीने जायचे. उन्हाळा तापला की बहुतेक गाव खजुराच्या हंगामाला खसबला येते. त्यांची कुमझारी इराणी कुळातली, म्हणजे फारसीची नातलग आणि आपल्या मराठीचीही लांबची. फारसी, अरबी, पोर्तुगीज, हिंदी यांची ती नुसती सरमिसळ आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. अभ्यासकांनी तिचे व्याकरण मांडले तेव्हा ती स्वतःच्या पायावर उभी असलेली भाषा निघाली.

कुमझारीला अरबी परकी; दक्षिणेची गोष्ट वेगळी. तिथे धोफारच्या डोंगरांत शेहरी. जिब्बाली हे तिचे दुसरे नाव. शेजारी मेहरी, वाळवंटात हरसूसी, किनाऱ्यावर बथारी, जी आता मोजक्या वृद्धांच्याच तोंडी उरली आहे. या सेमिटिक कुळातल्या, म्हणजे अरबीच्या बहिणी. अरबीच्या लेकी नव्हेत. सलालाहचा अरब आणि डोंगरातला गुराखी आपापल्या भाषेत बोलू लागले तर एकमेकांना कळणार नाही. तरी शेहरी ही अरबीचीच एक बोली, असे सर्रास म्हटले जाते. गंमत अशी, की जुन्या अरबी व्याकरणकारांनी 'दाद' या अक्षराचा उच्चार जिभेच्या कडेने, दाढांजवळून करायचा असे लिहून ठेवले आहे. अरब आपल्या भाषेला अभिमानाने 'दादची भाषा' म्हणतात. आजच्या अरबीत तो उच्चार जवळजवळ उरलेला नाही. कडेने वारा सोडून काढायचे तसले ध्वनी शेहरी-मेहरीत मात्र रोज ऐकू येतात. जिला बोली म्हणून खाली बसवले, तिच्याच घरात थोरलीचा जुना दागिना.

१८३८ मध्ये जेद्दाच्या फ्रेंच वकिलातीतल्या फ्रेनेलने शेहरीची वार्ता युरोपला दिली. अभ्यासक जॉन्स्टनचा जिब्बाली कोश १९८१ चा. ओमानचे सुलतान काबूस यांच्या मातोश्री याच धोफारी डोंगरांतल्या माशनी घराण्यातल्या होत्या. राजाच्या आजोळापर्यंत पोचलेल्या भाषेलाही शाळेत जागा मिळाली नाही. १९७० नंतर शाळा झपाट्याने उघडल्या त्या अरबी माध्यमाच्या. धोफारचे युद्ध मिटवून एक देश उभा करायचा होता. कारण समजण्यासारखे आहे, पण त्याची किंमत शेहरीने मोजली.

आपण मराठी माणसांनी यावर हळहळण्याआधी गोव्याकडे पाहावे. कोकणी ही मराठीचीच बोली, हे आपल्याकडच्या भल्याभल्यांनी ठासून सांगितले. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा मानले, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. तेव्हा थोरलीच्या तोऱ्यात आपण होतो.

आता धाकटीची पाळी आपली आहे. मस्कतमध्ये मराठी मुलाला इंग्रजी शाळा शिकवते, हिंदीला मात्र शाळेची गरजही पडत नाही. ती आपसूक येते. रुवीतला शिंपी पाकिस्तानी, किराणावाला केरळी, टॅक्सीवाला ओमानी, आणि तिघांशीही हिंदी चालते. मग मूल घरात आईलाही हिंदीत उत्तर देते आणि आई चालवून घेते, कारण 'आपलीच तर आहे'. जून २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्र पेटला आणि सरकारने आदेश मागे घेतले. आदेश मागे घेता येतो. अल खुवैरच्या फ्लॅटमध्ये तसा कोणाचा आदेश नाही, त्यामुळे मागे घ्यायलाही काही नाही.

येत्या २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन आहे. अभिजात दर्जाची भाषणे २०२४ पासून पुरेशी झाली. यंदा कार्यालयातल्या एखाद्या धोफारी सहकाऱ्याला बोलवावे आणि तो घरी मुलांशी कोणत्या भाषेत बोलतो, एवढेच विचारावे. शेजारी कोकणी कुटुंबांनाही आवर्जून बसवावे, आणि त्यांना कोकणीतच बोलू द्यावे.