अडगळ, वारसा आणि बाजार

शहरातील मराठी घर गेल्या अर्धशतकात वाड्यातून चाळीत आणि चाळीतून सदनिकेत आले. या स्थलांतरात एकत्र कुटुंब विभागले गेले, जागा आकसली. वस्तू मात्र पिढीगणिक साठत राहिल्या. माळ्यावरचा तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, पत्र्याची ट्रंक, आजोबांचे चावीचे घड्याळ, आजीचा पानाचा डबा आणि अडकित्ता, ग्रामोफोनच्या तबकड्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे असा ऐवज आज असंख्य घरांत पडून आहे. मुले परगावी किंवा परदेशी स्थिरावली आहेत, इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि महिनाभरात घर रिकामे करावयाचे आहे. अशा वेळी या वस्तूंचे करायचे काय, हा प्रश्न केवळ आवराआवरीचा राहत नाही. तो संस्काराचा आणि अर्थकारणाचाही होतो.

वस्तू फेकून देणे हा आपल्या समाजाचा स्वभाव कधीच नव्हता. जुन्या कपड्यांवर भांडे देणारी बोहारीण, तांब्यापितळेची मोड घेणारा दुकानदार, दारावर येणारा कल्हईवाला आणि रद्दीवाला ही सारी एका अलिखित अर्थव्यवस्थेची माणसे होती. पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरत आलेला जुना बाजार, मुंबईत मटन स्ट्रीटवरचा चोरबाजार, हुतात्मा चौकाच्या पदपथावरील पुस्तकविक्रेते ही त्याच व्यवस्थेची मोठी रूपे. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. उपभोगाला मर्यादा न मानणारी अर्थव्यवस्था अखेर निसर्गालाच ओरबाडते, हा इशारा त्या मांडणीत होता. आज पाश्चात्त्य जग ‘पुनर्वापर’ हा शब्द नव्या शोधासारखा मिरवते. आपल्या घरांत तो नित्याचा व्यवहार होता.

आता हा व्यवहार संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आला आहे. भारतात त्याची सुरुवात लवकर झाली. २००० साली ‘बाझी डॉट कॉम’ निघाले, २००४ मध्ये ते अमेरिकेच्या ‘ईबे’ने विकत घेतले, २०१७ मध्ये ‘ईबे’चा भारतीय व्यवसाय ‘फ्लिपकार्ट’कडे गेला आणि २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. दरम्यान ‘ओएलएक्स’ आणि ‘क्विकर’ घराघरांत पोहोचले. पण जुन्या वस्तू विकू पाहणाऱ्यांची तक्रार मात्र सर्वत्र एकच ऐकू येते : छायाचित्र टाकून चार महिने झाले, विचारणारा कोणी नाही. मग कंटाळून तोच बंब भंगारात जातो आणि वितळतो. पुस्तक रद्दीत जाते आणि त्याचा लगदा होतो. एकदा वितळलेला बंब पुन्हा घडत नाही. खरे नुकसान येथे आहे.

या तक्रारीवर ठरावीक उत्तर असते, ‘लोकांना जुन्याची किंमत उरली नाही.’ हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. जुन्या धाटणीची घरे, उपाहारगृहे, चित्रपटांचे नेपथ्य यांसाठी अशा वस्तू शोधणारी माणसे आहेत. संग्राहकही आहेत. अडते ते दुसरीकडेच.

हाताचे काम शब्दांनी करावे

जुन्या बाजारात गिऱ्हाईक भांडे उचलते, बोटाने वाजवून पाहते, उलटे करून बुडाला डाग दिला आहे का हे तपासते. समोर विकणाऱ्याचा चेहरा असतो. पडद्यावर यांतले काहीच नसते. तेथे हाताचे काम शब्दांना आणि छायाचित्रांना करावे लागते. आपण मात्र ‘जुना बंब, उत्तम स्थितीत, लवकर संपर्क साधा’ एवढे लिहून मोकळे होतो. यावर कोणी हजारो रुपये का द्यावेत?

त्याऐवजी उंची किती, वजन किती, नळ मूळचा की बदललेला, कल्हई शिल्लक आहे का, पोचा कोठे आला आहे, कारागिराची खूण किंवा कोरलेले नाव आहे का, हे सांगावे. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर, चारही बाजूंनी आणि बुडाकडून घ्यावीत. एका छायाचित्रात शेजारी मोजपट्टी असावी आणि एक छायाचित्र केवळ दोषाचे असावे. दोष दाखवला तर गिऱ्हाईक पळेल ही भीती व्यर्थ आहे. ज्याने दोष स्वतःहून दाखवला त्याच्या इतर शब्दांवर विश्वास बसतो, आणि दूरस्थ व्यवहारात विश्वास हेच भांडवल असते.

वस्तूचे नावही शोधणाऱ्याच्या जिभेवरचे हवे. ‘घंगाळ’ हा शब्द पुण्याच्या गिऱ्हाइकाला कळेल, बंगळुरूच्या नाही. म्हणून मराठी नावाबरोबर हिंदी आणि इंग्रजी नावेही द्यावीत. आणखी एक चूक सर्रास होते. विकायला काढण्यापूर्वी घरातील मंडळी चिंच-मीठ लावून भांडे लखलखीत करतात, नाणी घासून काढतात. संग्राहकाला काळाने आलेला रंगच हवा असतो. घासलेल्या नाण्याची किंमत वाढत नाही, घटते. धूळ पुसावी, काळ पुसू नये.

भावना आणि भाव

दुसरी अडचण किमतीची. आपण किंमत ठरवतो ती आठवणींच्या मापाने. आजोबांनी ते घड्याळ पहिल्या पगारातून घेतले, ही गोष्ट घरच्यांना अमूल्य असते. गिऱ्हाइकाला ते असंख्य घड्याळांपैकी एक असते. ‘एचएमटी’ने १९६१ पासून जपानच्या ‘सिटिझन’च्या सहकार्याने घड्याळे बनवली, ती देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. २०१६ मध्ये हा घड्याळ उद्योग बंद करण्याचा निर्णय झाला आणि त्या घड्याळांना अचानक मागणी आली. पण त्याबरोबर तबकडी नव्याने रंगवलेली, सुटे भाग जोडून तयार केलेली घड्याळेही बाजारात आली. त्यामुळे जाणकार आता मूळ तबकडी, यंत्राचे छायाचित्र आणि असल्यास खरेदीची पावती मागतो. ती पावती ट्रंकेच्या तळाशी असेल तर घड्याळाची किंमत आठवणीने नव्हे, त्या कागदाने वाढेल.

दुसऱ्याने मागितलेला भाव पाहून आपला भाव ठरवणे हाही भ्रम आहे. मागितलेला भाव ही इच्छा असते. मिळालेला भाव हे वास्तव. तांब्यापितळेच्या भांड्यांना तर एक स्वाभाविक तळ आणि माथा असतो. मोडीच्या दराने येणारी रक्कम हा तळ. पुण्यातील तांबट आळीत तसेच भांडे आज नव्याने घडवून घेतले तर लागणारी रक्कम हा बहुधा माथा. अपवादात्मक कारागिरी नसेल तर आपला भाव या दोहोंच्या मध्येच बसेल. तोही दोन महिने प्रतिसाद न मिळाल्यास थोडा उतरवावा, छायाचित्रे बदलावीत आणि गणपती, दिवाळी, लग्नसराई यांच्या आधी वस्तू पुन्हा मांडावी. पुस्तके एकेक विकत बसण्यापेक्षा विषयवार संच करावेत. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केलेल्या दिवाळी अंकाच्या परंपरेतील सुटा अंक कदाचित पडून राहील, एकाच नियतकालिकाचे सलग दहा वर्षांचे अंक एखादा अभ्यासक आनंदाने नेईल.

पुस्तकांच्या बाबतीत टपालखर्च अनेकदा किमतीहून अधिक होतो. यावर टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. आरंभीच्या दरांनुसार ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा तिचा खर्च ठेवण्यात आला. टपाल कार्यालयात चौकशी करून या सोयीचा लाभ घेतला पाहिजे.

खोट्या इतिहासाचा धंदा

येथवर झाले ते व्यवहाराचे. पण या बाजारात एक गोष्ट अशी घडते, की जिच्याविषयी आपण गप्प राहू नये. कोणतीही गंजलेली तलवार ‘शिवकालीन’ ठरते, कोणताही पितळी दिवा ‘पेशवेकालीन’ होतो. शिवराई नाण्यांची तर लाखांच्या भाषेत जाहिरात होते. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात तांब्याची शिवराई पाडली हे खरे. परंतु महाराजांचे नाव धारण करणारी शिवराई पुढेही दीर्घकाळ पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत चलनात राहिली. घराघरांत सापडणारी बहुतेक नाणी या उत्तरकाळातील आहेत. तीही आदरणीयच आहेत. पण त्यांना महाराजांच्या टांकसाळीतील म्हणून विकणे हा महाराजांच्या नावाचा गैरवापर आहे. ज्यांच्या मुखी शिवरायांचे नाव आहे, त्यांनी तरी असत्याला इतिहासाचे वस्त्र नेसवू नये. जे माहीत आहे तेवढेच सांगावे : ‘आमच्या घरात तीन पिढ्या आहे’ हे साधे, सत्य वाक्य पुरेसे बोलके असते.

फसवणूक दुसऱ्या बाजूनेही होते. जुनी नाणी आणि नोटा विकत घेतो असे सांगून आधी शुल्क मागणाऱ्या, त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव वापरणाऱ्या भामट्यांविषयी स्वतः रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेला सावध केले होते. सैन्यातील अधिकारी असल्याची बतावणी करून, पैसे ‘पाठवण्यासाठी’ संकेतचित्र स्कॅन करायला लावणे हीही जुनीच युक्ती. सैन्याविषयी आपल्या मनात असलेल्या आदराचाच येथे गैरफायदा घेतला जातो. एक सूत्र घरातील प्रत्येक ज्येष्ठाला पाठ असावे : पैसे मिळवण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही लागत नाही. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

काय विकू नये

सर्वच विकण्याजोगे नसते. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ साली झाला आणि १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, चित्र, कलावस्तू या कायद्याच्या कक्षेत येतात. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेल्या हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातील गिऱ्हाईक दुप्पट भाव देते म्हणून जुनी मूर्ती पार्सलने धाडणे हा गुन्हा आहे. हस्तिदंती वस्तूंची विक्री तर वन्यजीव संरक्षण कायद्यानेच निषिद्ध आहे.

कायद्यापलीकडे विवेकाचाही प्रश्न आहे. देवघरातील टाक हे कुलाचे असतात. घर आवरताना ते भाऊबंदांपैकी कोणाकडे तरी सुपूर्द करावेत, बाजारात मांडू नयेत. मोडी लिपीतील कागदांचे रुमाल ‘वाचता येत नाहीत’ म्हणून विकणे किंवा रद्दीत घालणे हा अक्षम्य प्रमाद होय. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असेच कागद जमवले, म्हणून मराठ्यांचा इतिहास साधार लिहिता आला. १९१० साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आजही उभे आहे. असा कागद तेथे दाखवण्यापूर्वी घराबाहेर जाता कामा नये. डॉ. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा नित्याच्या वस्तू गोळा केल्या, अकाली निवर्तलेल्या पुत्राच्या नावे संग्रहालय उभारले आणि तो सारा संग्रह शासनाच्या हाती सोपवला. लोक ज्याला अडगळ म्हणत होते, त्यात त्यांना समाजाचे चरित्र दिसले.

एकट्याचे नव्हे, वस्तीचे काम

हे सारे एका वृद्ध दांपत्याला एकट्याने जमणारे नाही. पण एखादे गणेशोत्सव मंडळ, महिला बचत गट, वाचनालय किंवा शाखेतील चार तरुण यांना ते सहज जमेल. महिन्यातून एक रविवार ठेवावा. वस्तीतील वस्तू पाहाव्यात, नोंद करावी, छायाचित्रे काढावीत. जाणकाराला दाखवून जपण्याच्या, दान देण्याच्या आणि विकण्याच्या अशी विभागणी करावी. विक्रीतून ठरावीक हिस्सा सेवाकार्याला द्यावा. वापरलेल्या वस्तूंच्या व्यापारात, खरेदीवरील कराची वजावट घेतली नसल्यास, केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर वस्तू व सेवा कर आकारण्याची तरतूद आहे. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून, राज्यांतर्गत विक्री करणाऱ्या आणि उलाढालीच्या मर्यादेत राहणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना काही अटींवर नोंदणीविना ऑनलाइन विक्रीची मुभा मिळाली आहे. बचत गटांसाठी हे दार उघडे आहे.

अशा कामात एक लाभ पैशापलीकडचा आहे. त्या रविवारी एखादा तरुण आजींना विचारेल, ‘हे काय आहे, कशासाठी वापरत होता?’ त्या सांगतील आणि तो लिहून घेईल. वस्तू नंतर विकली गेली तरी तिची कहाणी वस्तीत राहील. वारसा जपणे म्हणजे सर्व काही कवटाळून बसणे नव्हे. जे कुलाचे ते कुलात, जे इतिहासाचे ते संस्थेत आणि उरलेले योग्य मोलाने गरजवंताच्या किंवा रसिकाच्या हाती जावे. मात्र कोणतीही वस्तू, कोणी विचारले नाही एवढ्याच कारणाने, भट्टीत जाऊ नये. तेवढी दक्षता आपल्या हाती निश्चितच आहे.