अरण्याला कुलूप कशाला?

अरण्य राखावयाचे तर माणसाला त्याबाहेर घालवावे, असे सांगणारे पंडित अद्याप थोडे नाहीत. त्यांना आम्ही स्वीडनचा ‘होगा कुस्तेन’, म्हणजे उंच किनारा, एकवार पाहावयास सांगतो. हिमयुगाचा भार उतरल्यापासून ही भूमी समुद्रातून वर येत आहे. आजही वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर! प्राचीन सागरतटाची खूण २८६ मीटर उंचीवर आढळते. येथील स्कूलेस्कूगेन अरण्य १९८४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, २००० साली किनारा जागतिक वारशात गेला. म्हणून पायवाटा बुजविल्या काय? छे! सुमारे १३० किलोमीटरची वाट त्याच अरण्यातून जाते. निसर्गात वावरण्याचा सर्वांचा हक्क तर १९९४ पासून राज्यघटनेतच नमूद आहे. अर्थात हा मोकाट सुटण्याचा परवाना नव्हे. उद्यानात कुत्रा बांधलेला हवा, शेकोटी नेमल्या जागीच.

आक्षेपक म्हणतील, तिकडे वस्ती विरळ, म्हणून हे साधते. यात तथ्य आहे, आम्ही नाकारीत नाही. परंतु टिरेस्टा उद्यान राजधानी स्टॉकहोमपासून अवघ्या २० किलोमीटरांवर आहे. १९९९ साली त्याचा मोठा भाग आगीत जळाला. तरीही सरकारने तेथे कायमचे कुलूप घातले नाही. लोक आजही त्या रानात फिरतात.